फाटकाशी पडलेला लाजर

सामान्य काळातील सव्विसावा रविवार (शुभवर्तमान : लूक १६:१९-३१)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका श्रीमंत माणसाची गोष्ट सांगतो. जांभळी, तलम वस्त्रे घालणारा आणि रोज मेजवानी करणारा हा माणूस. त्याच्या फाटकाशी लाजर नावाचा एक भिकारी पडलेला असे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्हाला वाटायचे की श्रीमंताने लाजरला नक्कीच काहीतरी केले असणार, नोकरांकरवी हाकलले असेल, अंगावर कुत्री सोडली असतील. पुढे सेमिनरीत आणि त्यानंतरही हा उतारा कितीतरी वेळा वाचला. तसे काहीच त्यात नाही. कुत्री आली ती लाजरचे फोड चाटायला. श्रीमंताने लाजरला मारले नाही, शिवी दिली नाही, तिथून उठवलेही नाही. तो त्याच फाटकातून रोज आत-बाहेर करत राहिला, एवढेच. मेल्यावर मात्र दोघांच्या मध्ये कोणालाही ओलांडता येणार नाही अशी दरी आली. आम्हाला नेहमी वाटते, ही दरी नवीन नव्हती. फाटकाच्या जागीच ती होती.

दाराबाहेर राहणे म्हणजे काय हे आपल्या तालुक्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव आपल्याच तालुक्यात आहे. एवढा मोठा भक्त, पण देवळाच्या आत त्याला जागा नव्हती. समाधी मिळाली तीही महाद्वारासमोर. आज खडकपूर्णेच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे आणि ते पाणी सगळेच पितात. असो. आज आम्हाला दार लावून घेणाऱ्यांपेक्षा ते उघडणाऱ्यांविषयी लिहायचे आहे.

दहा-बारा दिवसांपूर्वी, १७ सप्टेंबरला, पलीकडे जालन्यात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन झाले. आपल्या गावात त्या दिवशी सुट्टी नसते, म्हणून मुले विचारतात, त्यांनाच का? जालना इथून तासाभराच्या आत आहे. पण १९४८ पर्यंत ती दोन वेगळी राज्ये होती. अलीकडे आपण, म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाड. पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. १९४७-४८ साली रझाकारांच्या जुलमामुळे मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे गाठोडी घेऊन हद्द ओलांडून शेजारच्या प्रांतांत आली. आपल्यातल्या काही घरांत आजी-आजोबांकडून त्या दिवसांच्या गोष्टी आल्या असतील. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या एखाद्या वहीत लिहून ठेवाव्यात, ही विनंती. ती पिढी आता फारशी उरलेली नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांचे काम. इथपर्यंतचा भाग शाळेत शिकवला जातो. त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले ते सहसा शिकवत नाहीत. रझाकारांनी केले त्याचा सूड त्यांच्यावर उगवला असता तर निदान समजले तरी असते. पण तो उगवला गेला साध्या मुसलमान शेजाऱ्यांवर, ज्यातल्या बहुतेकांनी कधी हातात काठीही धरली नव्हती. केंद्र सरकारने चौकशीसाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवले. १९४८ च्या नोव्हेंबरअखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत ते संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. त्यांनी दिलेला अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीतल्या तेव्हाच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना वाचायला मिळू लागला. त्यांचा अंदाज असा की सगळ्या संस्थानात मिळून २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडची. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते, हे लक्षात घ्यावे.

हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. आपल्या गावात सगळे एकत्र राहतात आणि जुनी जखम उघडी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. रझाकारांचे अत्याचार खरे होते आणि त्यानंतरचा सूडही खरा होता. एक सांगताना दुसरे लपवायचे नाही, एवढे पथ्य आम्ही पाळतो.

पण आम्ही तो अहवाल तुमच्यापुढे आणतो आहोत तो त्यातल्या आकड्यांसाठी नव्हे. इतक्या काळ्या मजकुराच्या मध्ये त्या तिघांनी मुद्दाम थांबून एक साक्ष नोंदवली आहे. ठिकठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना, पुरुषांना, बायकांना, मुलांना वाचवले असे त्यांना आढळले. आणि एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये हा जिव्हाळा विशेष होता, असे ते सांगतात. उदाहरण त्यांनी दिले आहे विणकरांचे. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने, चाल करून आलेल्या हिंदूंसमोर उभे राहिले. यात त्यांचे नुकसान झाले आणि काहींचे जीवही गेले.

त्या विणकरांची नावे आम्हाला कोणत्याही कागदात सापडलेली नाहीत. अमुक गाव, अमुक आळी असेही सांगता येत नाही. तरी आम्ही या दोन-तीन ओळींवर बराच वेळ विचार करत राहिलो. विणकरच का? आम्हाला वाटते, एक विणकर दुसऱ्याला त्याच्या हातावरून ओळखतो. सूत एकाच व्यापाऱ्याकडून उधार आणलेले, भाव पडला की दोघांच्या घरी एकाच दिवशी चूल थंड, मागाचा खटखट आवाज भिंतीपलीकडून रोज ऐकू येणारा. एक दिवस तो आवाज बंद पडला तर पहिल्यांदा कोणाला कळणार? घोषणा देत आलेल्या जमावाला पलीकडे एक धर्म दिसत होता. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याला तिथे अमक्याचा बाप, अमकीचा नवरा आणि मागच्या महिन्यात आपल्याला ताणा लावायला मदत करणारा माणूस दिसत होता. श्रीमंताला लाजर रोज दिसत होता, पण त्याच्याबरोबर त्याने कधी काम केले नव्हते.

याच दशकात युरोपातही हेच चालले होते. हॉलंडची गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. मे १९४० मध्ये जर्मनीने तो देश व्यापला. १९४१ साली तिथे सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंची नोंद झाली. नोंद करणारे कारकून बहुतेक डचच होते. सभ्य, टापटिपीची, रविवारी चर्चला जाणारी माणसे. १९४२ च्या जुलैपासून गाड्या भरून ज्यूंना पूर्वेकडे मृत्यूच्या छावण्यांत नेणे सुरू झाले. युद्ध संपले तेव्हा त्यांतले एक लाखाहून अधिक लोक मारले गेले होते. पश्चिम युरोपात इतके मोठे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही देशात नव्हते. तेव्हा सगळे डच लोक धीराचे होते असा समज कोणी करून घेऊ नये. पकडून दिलेल्या प्रत्येक ज्यूमागे साडेसात गिल्डर बक्षीस मिळत असे आणि ते घेणारेही होते.

तरीही पंचवीस हजारांवर ज्यू लपले. त्या सपाट देशात डोंगर नाही, जंगलही फारसे नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जर्मनी. लपायला जागा एकच, कोणाचे तरी घर. लपलेल्याला डच भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ पाण्याखाली बुडी मारलेला असा होतो. बुडी मारणारा एकटा, पण वर श्वास पुरवणारे दहाजण लागतात. अन्न रेशन कार्डावर मिळे आणि लपलेल्याचे कार्ड नसे; मग चौघांच्या धान्यात सहाजण जेवायचे किंवा कोणीतरी चोरून कार्डे आणायची. भाकरी जास्त का आणली हे दुकानदाराने विचारायचे नाही. दोरीवर वाळत घातलेले कपडे शेजारीण मोजणार, म्हणून ते घरातच वाळवायचे. शेतकरी, शिक्षक, पाद्री, दुकानदार, नर्स अशी ही माणसे. एका रात्रीपुरते आलेले पाहुणे दोन-अडीच वर्षे राहिले. माळ्यावर भांडणेही झाली असतील. यरुशलेममधल्या याद वाशेम या संस्थेने अशा सुमारे सहा हजार डच माणसांचा सन्मान केला आहे.

हार्लेम शहरातल्या टेन बूम कुटुंबाचे घड्याळाचे दुकान होते. ही प्रॉटेस्टंट मंडळी. त्यांची मुलगी कॉरी हिच्या झोपण्याच्या खोलीत खोटी भिंत बांधून मागे माणसांना उभे राहता येईल एवढी जागा केली होती. २८ फेब्रुवारी १९४४ रोजी छापा पडला. सगळे कुटुंब पकडले गेले, पण भिंतीमागचे सहाजण सापडले नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील कॅस्पर दहा दिवसांत कैदेत असतानाच वारले. बहीण बेट्सी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रावेन्सब्रुकच्या छावणीत गेली. कॉरी वाचली आणि तिने पुढे 'द हायडिंग प्लेस' या पुस्तकात हे सगळे सांगितले.

आपल्या ख्रिस्तसभेचाही या कथेत वाटा आहे आणि तो सोपा नाही. २६ जुलै १९४२ रोजी हॉलंडच्या महागुरुस्वामींनी ज्यूंच्या छळाविरुद्धचे पत्र सर्व कॅथॉलिक चर्चमध्ये वाचून दाखवायला लावले. (त्याच दिवशी कार्मेलाइट धर्मगुरू टायटस ब्रँडस्मा डाखाऊच्या छावणीत मारले गेले, २०२२ साली ते संत घोषित झाले.) त्याचा सूड म्हणून २ ऑगस्टला कॅथॉलिक झालेल्या ज्यूंची धरपकड झाली. एख्टच्या मठातून एडिथ स्टाइन आणि तिची बहीण रोझा यांना नेले आणि ९ ऑगस्टला त्या ऑश्विट्झमध्ये गेल्या. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही एडिथचे नाव प्रथम ऐकले ते हुसर्ल या तत्त्वज्ञाची विद्यार्थिनी म्हणून. मेंढपाळ बोलले आणि कळपातली माणसे गेली. मग बोलायला नको होते का? हा प्रश्न आम्हाला वीस वर्षे सतावतो आहे. बोलायला हवेच होते, असे आमचे मत आहे. पण त्या पत्राचा मोबदला ज्यांनी दिला त्यांची आठवण न ठेवता हे मत मांडणे आम्हाला बरे वाटत नाही.

आता एका अडचणीकडे येऊ. माणूस लपवायचा तर खोटे बोलावे लागते. टेन बूम कुटुंबातच यावर मतभेद होता. कॉरीची बहीण नॉली खोटे बोलणे पाप मानत असे. तिच्या घरी राहणाऱ्या तरुणीकडे बोट दाखवून शिपायांनी विचारले, ही ज्यू आहे का? नॉली हो म्हणाली. मुलीला नेले, नॉलीलाही नेले. पुढे काही दिवसांत ती मुलगी सुटली आणि नॉलीलाही सोडले, पण कॉरीला बहिणीचा तो सत्यवादीपणा पचला नाही.

हा वाद फार जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्याच थागास्ते गावच्या फर्मुस नावाच्या बिशपांची हकीकत सांगितली आहे. त्यांनी एका माणसाला आश्रय दिला होता. सम्राटाचे लोक आले तेव्हा बिशप म्हणाले की आपण खोटे बोलणार नाही आणि माणूसही दाखवणार नाही. त्यांचे हाल केले तरी ते हलले नाहीत. शेवटी सम्राटाने त्या माणसाला क्षमा केली. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने तर १७९७ साली लिहिले की खुनी दाराशी येऊन विचारत असेल तरी खोटे बोलता येणार नाही. परीक्षेत आम्ही यावर छान उत्तर लिहून गुण मिळवले होते. पण बायबल उघडावे तर यरीहोची राहाब गच्चीवर वाळत घातलेल्या जवसाच्या काड्यांखाली दोघांना लपवते, शिपायांना ते निघून गेले म्हणून सांगते, आणि मत्तय तिचे नाव प्रभू येशूच्या वंशावळीत लिहितो. निर्गमाच्या पुस्तकातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणी फारोला थाप मारतात आणि देव त्यांची घरे वसवतो. ऑगस्टीन म्हणतात की त्यांना फळ मिळाले ते दयेचे, खोट्याचे नव्हे. आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण (कॅथॉलिक धर्मशिक्षण, परिच्छेद २४८९) असे मानते की ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याला ते सांगण्यास कोणी बांधलेला नाही. वाईट हेतूने विचारणाऱ्यासमोर गप्प राहण्याची मुभा त्यातून निश्चितच मिळते. आणि गप्प राहूनही भागत नसेल तर?

तेव्हा काय करावे हे आम्हाला पुस्तकातून कळले नाही. ते एका मावशींकडून कळले. त्यांची परवानगी घेऊनच लिहितो आहोत. आणि हे कन्फेशनमध्ये नव्हे, त्यांच्या ओट्यावर चहा पिताना ऐकलेले आहे.

२०२० च्या मे महिन्यात आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो, मोठ्या रस्त्याला लागून. टाळेबंदी होती. गावांनी बाभळीच्या फांद्या टाकून रस्ते अडवले होते. एका संध्याकाळी फाटकाशी सातजण आले, त्यांत दोन बायका आणि एक कडेवरचे मूल. दूरच्या राज्यात चालत निघालेले मजूर. शाळेच्या व्हरांड्यात एक रात्र झोपू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. आमच्या आवारात वयस्कर सिस्टर्स होत्या, बाहेरच्या कोणाला आत घेऊ नये असा आदेश होता, आजार काय आहे हे कोणालाच नीट कळत नव्हते. कारणे सगळी खरी होती. आम्ही फाटकाच्या आत उभे राहून त्यांना समजावून सांगितले, वरून केळी आणि पाण्याच्या बाटल्या दिल्या. ते वाद न घालता निघून गेले. फाटकाला कुलूप होते. ते आम्ही स्वतःच लावले होते.

थोड्याच दिवसांत, ८ मे २०२० ला, जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडल्याची बातमी आली. थकून रुळांवरच झोपले होते. मध्य प्रदेशातले, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला. आमच्या फाटकाशी आलेले ते नव्हेत. त्यांत बायका-मुले नव्हती, आणि रस्ताही वेगळा. तरी त्या दिवशी मिस्सा अर्पण करताना आमच्याने प्रवचन झाले नाही.

पुढे काही महिन्यांनी या मावशींनी सांगितले. आमच्या फाटकावरून गेलेले ते सातजण त्यांच्या गोठ्यात राहिले होते. एक रात्र नव्हे, तीन. मावशी एकट्या, विधवा, घरी दोन शेळ्या. गावातली माणसे चौकशीला आली तेव्हा त्या म्हणाल्या, बहिणीकडची मंडळी आहेत, रस्त्यात अडकली. हे सांगून झाल्यावर त्यांनी आम्हाला विचारले, "फादर, मी खोटं बोलले. आता तुम्हीच सांगा, पाप लागलं का?"

आमच्या डोक्यात ऑगस्टीन आले, कांट आले. तोंडातून शब्द फुटला नाही. शेवटी आम्ही म्हणालो, "मावशी, ते आधी आमच्याकडे आले होते." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, फादरला वरून हुकूम असतो, माझ्यावर कोणाचा हुकूम?" आणि त्यांनी आमच्या कपात आणखी चहा ओतला.

त्यांनी आम्हाला सांभाळून घेतले, हे आम्हाला कळले. विणकरांवरही कोणाचा हुकूम नव्हता. हार्लेमच्या घड्याळजीवर तर उलटा हुकूम होता. आम्ही हुकुमाच्या आड उभे राहिलो आणि तो हुकूम चुकीचा होता असेही आम्हाला आज म्हणता येत नाही. पण फाटक आणि व्हरांडा यांच्यामध्ये मोकळे मैदान होते. सिस्टर्सपासून दूर, एका कोपऱ्यात चटया टाकता आल्या असत्या. हे आमच्या त्या संध्याकाळी मनातही आले नाही.

म्हणून एक प्रस्ताव आहे. आपल्या चर्चच्या फाटकालगतची जी खोली सध्या जुन्या बाकांनी आणि नाताळच्या सामानाने भरली आहे, ती रिकामी करावी असा आमचा विचार आहे. दोन चटया, पांघरुणे, पाण्याचा माठ, आतून लागणारी कडी. दारुड्या नवऱ्याच्या मारामुळे रात्री मुलांना घेऊन निघालेली बाई, ऊसतोडीवरून परतताना शेवटची एसटी चुकलेले कुटुंब, लग्नामुळे घरचे जिवावर उठले आहेत अशी पोरे, कोणीही असो, कोणत्याही धर्माचा. ज्या प्रसंगात पोलिसांना कळवणे आवश्यक आहे तिथे आपण कळवू. मुले असतील तर नक्कीच. रात्री फाटक वाजले तर ते कोणी उघडायचे, हे मात्र ठरवावे लागेल.

धर्मग्राम परिषदेत या विषयावर एकमत झालेले नाही. काहीजणांना चोरीची भीती वाटते, काहींना शेजारी काय म्हणतील याची, आणि एका ज्येष्ठ सदस्यांनी आम्हाला स्पष्ट विचारले की उद्या जमाव आला तर फादर, तुम्ही पुढे उभे राहणार का. प्रश्न योग्य आहे. आम्ही उत्तर दिले आहे, पण ते देताना आवाज फार मोठा नव्हता.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर हॉलमध्ये बैठक आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी जरूर यावे. बाक हलवायला चार तरुण लागतील, ते शनिवारी संध्याकाळी पाचला आले तरी चालेल; खोलीची चावी तोपर्यंत आमच्याकडेच आहे.

ख्रिस्तात तुमचे,
धर्मगुरू